खजुराखालची मरियम

दर बुधवारी दुपारची नमाज आटोपली की मिशनची मार्थाबाई जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात यायची, आणि बिबिजान हातातलं काम न थांबवता नुसती मान वर करून म्हणायची, "आल्या का भांडायला? बसा."

भांडण ठरलेलं असायचं, आणि तेही एका बाईवरून, जी दोघींपैकी कुणाच्याच गावची नव्हती. मरियमवरून. हजरत ईसाची आई ती, एवढ्यापुरतं दोघींचं एकमत. तिथून पुढं दोघी दोन वाटांनी निघायच्या आणि दिवेलागणीपर्यंत कुणीच मागं फिरायचं नाही.

ही एकोणीसशे सहा सालची गोष्ट. जुन्नरी कागदाला तेव्हा उतरती कळा लागली होती. कचेऱ्यांतून गिरणीचा पांढराशुभ्र कागद आला, आणि ज्या मोहल्ल्यात घरोघर लगद्याची कुंडं होती तिथं चार-पाच उरली. बिबिजानचा नवरा कधीच गेला होता. शेजारच्या दिराच्या कुंडावरून खळ लावून वाळवलेले कागद तिच्याकडे यायचे आणि ती व तिची सून आबेदा ते घोटायच्या. उतरत्या फळीवर कागद पसरायचा, लाकडी मुठीत बसवलेला गुळगुळीत दगड हातात घ्यायचा, आणि कागदावरून बोट घसरेपर्यंत तो रेटत राहायचा. दगड रखडायला लागला की केसांवरून एकदा फिरवायचा, म्हणजे डोक्याचं तेल त्याला लागतं. बायकांचे खांदे जातात या कामात. बिबिजानचा उजवा खांदा कायमचा उतरलेला होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

मार्थाबाई यायची ती आबेदाला वाचायला शिकवायला. निदान निमित्त तरी तेच. धडा झाला की ती आपल्या पिशवीतलं पुस्तक काढून थोडं वाचायची, आणि मग सुरुवात व्हायची.

"आमची मरियम," बिबिजान सांगायची, "रानात एकली व्हती. कळा आल्या तशी खजुराच्या बुडाला टेकली. म्हनली, ह्याच्या आधीच मला मरान आलं असतं तर बरं झालं असतं. आई ती बी, अशीच बोलनार. तवा आवाज आला, दुःख करू नगंस, बुंधा हालीव. तिनं हालवला आन् पिकलेला खजूर पडला. अल्लाहनं तिला उपाशी ठिवलं न्हाई, एकली बी ठिवलं न्हाई."

"आणि पुढं?" मार्थाबाई विचारायची. "तिचा मुलगा तेहतीस वर्षांचा झाला, त्याला खिळे ठोकून मारला, तेव्हा ती तिथंच उभी होती. पळाली नाही. शेवटपर्यंत बघत राहिली."

"मारला न्हाई. मारल्यासारकं वाटलं लोकांस्नी. सुळावर चढला त्यो दुसराच, त्याच्यावानी दिसनारा. ईसाला अल्लाहनं जिता उचलला वर. आपल्या पैगंबराला त्यो असा मरू देतो व्हय?"

"आपला मुलगा म्हणूनच दिला त्यानं."

"ज्याला कशाचीच गरज न्हाई, त्याला लेक कशाला लागतोय, बाई? आसं बोलू नगा, जीभ झडंल."

मार्थाबाईच्या पुस्तकात याची पुष्कळ उत्तरं होती आणि ती तिला पाठही होती, पण या घरात ती ओठावर येत नसत. एकदाच ती म्हणाली होती, "आपा, लेक गेल्याचं दुःख काय असतं ते ज्याला ठाऊक आहे, तोच माझा देव. बाकीचं मला कळत नाही."

त्यावर बिबिजाननं दगड केसांवरून फिरवला आणि म्हणाली, "माजा अल्लाह लेक जाऊच देत न्हाई."

आबेदानं तेव्हा खाली घातलेली मान वर केली नाही.

कारण हे भांडण खरं मरियमचं नव्हतंच. ते राजमहंमदचं होतं. बिबिजानचा एकुलता एक राजमहंमद तीन वर्षांपूर्वी, लग्नाला वर्ष व्हायच्या आत, काम बघायला पुण्याला गेला. कुंडं बंद पडत होती, तो तरी काय करणार? दोन निरोप आले, आणि तिसऱ्या वेळी, दिवाळी सरताच, कचेरीतून शिपाई एक छापील कागद घेऊन आला. राजमहंमद, राहणार जुन्नर, प्लेगच्या इस्पितळात मयत. बिबिजाननं तो कागद चिमटीत धरला, उजेडाकडे करून पाहिला, म्हणाली, "गिरनीचा हाय," आणि कोनाड्यात टाकला.

त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद. पाह्यलं कुनी? गर्दी लोटली होती, शिपाई माणसं गाड्या भरभरून नेत होते, चुन्यात पुरत होते, एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या अंगावर लागली असेल. ईसाच्या वेळीसुद्धा सगळं गाव म्हणालंच की, मेला म्हणून. मेला दुसराच. म्हणून तिनं राजूच्या नावानं फातिहा पढू दिला नाही, चाळिसावा होऊ दिला नाही, आणि आबेदाच्या हातातल्या बांगड्यांना कुणाला हात लावू दिला नाही. ज्या आयाबाया रडायला आल्या होत्या त्यांना पाणी पाजून तिनं परत पाठवलं. मोहल्ल्यात लोक म्हणाले, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. तसं काही नव्हतं. डोकं अगदी ठिकाणावर होतं. फक्त त्यातली एक जागा तिनं कुलूप लावून ठेवली होती आणि किल्ली मरियमकडे दिली होती.

या सगळ्यात आबेदा कुठं होती? ती फळीशी होती. बाविशीची पोर, ना सौभाग्याची ना विधवा. विधवेनं पाळायची चार महिने दहा दिवसांची इद्दत बसायची तर नवरा मेला असं घरानं म्हणायला हवं, आणि घर म्हणजे बिबिजान.

त्या वर्षी पाऊस सरता सरता आबेदाचा भाऊ वजीर घोडेगावहून आला. पिंजारी माणूस, कमी बोलणारा. ओसरीवर बसून त्यानं चहा अर्धा प्यायला आणि मग एकदम सगळं बोलून टाकलं. आंबेगावच्या बाजारात महंमद हनीफ म्हणून मणियार आहे, बांगड्यांचा धंदा, बायको बाळंतपणात गेली, पदरी एक मुलगी. त्यानं आबेदासाठी विचारलं आहे. माणूस निर्व्यसनी आहे. ईदपर्यंत थांबतो म्हणतोय, मग दुसरीकडं बघेल, आणि त्याचंही चूक नाही.

"नवऱ्याच्या बायकोला मागनी घालतोय व्हय त्यो?" बिबिजान म्हणाली.

वजीर काझींकडे गेला. काझी भला माणूस, पण किताबाच्या रेषेबाहेर पाऊल न टाकणारा. त्यांनी सांगितलं की सरकारी कागद ते मानायला तयार आहेत, पण घरातली आई जर 'हा माझा नव्हे' म्हणत असेल तर त्यांचा हात अडतो. मग तो बेपत्ताच धरायचा. आणि बेपत्ता माणसाची बायको तो नव्वद वर्षांचा होईपर्यंत त्याचीच. "मरताना पाहिलेलं कुणी आणा," ते म्हणाले, "आणि म्हातारीला ते पटू द्या. मी आज लिहून देतो."

राजमहंमद असता तर सत्तावीस वर्षांचा असता. मार्थाबाईनं वाचनाबरोबर आबेदाला आकडेही शिकवले होते. आबेदानं पाटीवर वजाबाकी मांडली आणि पदराने पुसून टाकली. त्रेसष्ट वर्षं.

आता मार्थाबाईचं सांगायला हवं, कारण गाठ तिच्याच पोटात होती.

ती मूळची तळेघरच्या डोंगरातली. तिथं नाचणी आणि थोडा भात, आणि पाऊस आला नाही तर काहीच नाही. सहा-सात वर्षांपूर्वीच्या, संवत छप्पनच्या दुष्काळात नवरा गेला आणि ती सहा वर्षांच्या भिमाला घेऊन खडी फोडायच्या कामावर आली. एका सकाळी भिमाला ताप होता. त्याला झाडाखाली फडक्यावर निजवून ती धान्याच्या रांगेत उभी राहिली. रांग लांब होती. परत आली तेव्हा पोराच्या तोंडावर माश्या बसल्या होत्या. पाणी मागितलं असेल का त्यानं, आई म्हणून हाक मारली असेल का, हे तिला कुणीही सांगू शकलं नाही. पुढं मिशननं तिला आसरा दिला, अक्षर दिलं, नाव दिलं. पुस्तकात बरंच काही होतं, पण तिचा जीव एकाच ठिकाणी अडकला. मुलगा मरत होता आणि आई तिथं उभी होती. हे वाचून ती पहिल्यांदा मनसोक्त रडली, आणि मग त्या धर्माची झाली. तिच्याकडून जे घडलं नव्हतं ते त्या आईनं केलं होतं.

म्हणूनच पुण्यात प्लेग पुन्हा उसळला तेव्हा ती आपण होऊन इस्पितळात गेली. तट्ट्यांच्या खोल्या, चुन्याचा वास, आणि एकेका खाटेवर कुणाचं तरी पोर. मरणाऱ्याजवळ बसायचं काम तिनं मागून घेतलं. तिथं दिवाळीच्या सुमाराला एक जवान माणूस आला. काखेत गाठ, ताप डोक्यात चढलेला. नाव तिला कुणी सांगितलं नाही. दोन दिवस तो घोंगडीवर हात रेटत होता. पुढं, मागं, पुढं. तीनदा रेटायचा, मग मूठ कपाळावरून फिरवायची, की पुन्हा तीनदा. घाम पुसतोय, असं तिला वाटायचं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो हात थांबला.

वर्षभराने तिला जुन्नरला पाठवलं. पहिल्या बुधवारी बिबिजानच्या दारात ती उभी राहिली, आणि आतली म्हातारी कागदावर दगड रेटत होती. पुढं, मागं, पुढं. मार्थाबाईला उंबऱ्यावरच खाली बसावं लागलं. उन्हानं झालं असेल म्हणून बिबिजाननं तिला पाणी दिलं.

मग का नाही सांगितलं? तिनं स्वतःला कारण दिलं होतं. बिबिजान दगड केसांवरून फिरवायची, आबेदाही तसंच करायची. तो माणूस मूठ कपाळावरून फिरवायचा. आणि दुसरं, त्याचा हात डावा होता. या दोघींचा उजवा. कागदी काय एकटे जुन्नरला असतात? कुठलाही असेल. तुमचा नवरा डावखुरा होता का, एवढं आबेदाला विचारलं असतं तरी निकाल लागला असता, आणि म्हणूनच तिनं कधी विचारलं नाही. आई शेवटपर्यंत बघत उभी राहिली, हे दर बुधवारी दुसरीला ऐकवणारी ही बाई स्वतः जवळजवळ दोन वर्षं तोंड फिरवून बसली होती. तिला ते कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

वजीर जाऊन आठवडा झाला असेल. कुकडी नदीच्या घाटावर आबेदा धुणं घेऊन आली होती आणि मार्थाबाई पलीकडून येत होती. आबेदानं पिळा दगडावर ठेवला.

"बाई, तुमी पुन्याच्या इस्पितळात व्हता ना? प्लेगच्या?"

"होते."

"मग अम्माला सांगा, तुमी त्यांना पाह्यलं म्हनून."

मार्थाबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"खोटं सांगा," आबेदा म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "मला ठावं हाय तुमच्यात खोटी साक्ष पाप हाय. आमच्यात बी हाय. पर मी कुनाकडं जाऊ? वरीसभर सुदिक मी त्यांच्यापाशी न्हवते, बाई. त्यांचा चेहरा आता मला नीट येत न्हाई डोळ्यापुढं. मला त्यांच्यासाठी रडायचं हाय आन् अम्मा रडू देत न्हाई. लगीन ऱ्हाऊ द्या एक वेळ. मला रडू तरी द्या."

मार्थाबाई तशीच निघाली. एक पोर तिच्याकडून खोटं म्हणून जे मागत होती ते खरं तिच्याजवळ होतं आणि ते द्यायचं धैर्य तिच्याजवळ नव्हतं. मिशनच्या आवारात येऊन ती चिंचेखाली बसली.

पुढच्या बुधवारी बिबिजान म्हणाली, "आल्या का भांडायला? बसा."

मार्थाबाईनं पिशवीतून पुस्तक काढलं नाही. "आपा, मला तुम्हाला काही सांगायचं आहे. राजमहंमदचं."

आबेदाचा हात फळीवर थांबला. बिबिजानचा थांबला नाही.

"मी त्या इस्पितळात होते. त्याच दिवाळीत. एक जवान माणूस माझ्यासमोर गेला. मला वाटतं, तो तुमचा होता."

"वाटतंय," बिबिजान म्हणाली.

"हो."

"नाव सांगितलं त्यानं?"

"नाही. शुद्ध नव्हती."

बिबिजाननं कागद उलटा केला. "हिनं सांगाय लावलं ना तुमास्नी?" ती सुनेकडं न बघताच बोलली. "त्या मणियारासाठी. आन् तुमी लगेच तयार. तुमाला पहिल्यापासून हेच पायजे. तुमच्या पुस्तकातली आई मेलेला लेक बघती, म्हनून जगातल्या सगळ्या आयांनी बघायचा. माज्या लेकाला बी चढवा सुळावर. चढवा. मी न्हाई खाली हुबी ऱ्हानार."

हे लागलं, कारण त्यात खरं होतं. मार्थाबाई उठली, आबेदाच्या फळीशी गेली, आणि तिच्यासमोर जो कागद होता त्यावर तिनं रिकामा हात ठेवला. डावा. पुढं रेटला, मागं आणला, पुढं रेटला. तीनदा. मग मूठ कपाळावरून फिरवली आणि पुन्हा कागदावर आणली.

"असं," ती म्हणाली. "दोन दिवस तो असं करत होता. घोंगडीवर. मला तेव्हा कळलं नाही काय करतोय ते."

आबेदानं तोंडावर पदर दाबला. बिबिजान त्या हाताकडं बघत राहिली. तिच्या हातातला दगड कागदावर टेकलेला होता आणि त्याखाली कागदाला चुणी पडली.

"कपाळावरनं?" तिनं विचारलं.

"कपाळावरून. आणि डावा हात. म्हणूनच मी इतके दिवस म्हणत होते की तो तुमचा नसेल. तुम्हा दोघींचा उजवा आहे."

बिबिजान उठली. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत. कपड्यांच्या पेटीच्या तळातून तिनं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि मार्थाबाईपुढं धरलं. घोटायचा दगड होता. लाकडी मूठ वापरून वापरून काळी पडलेली, आणि अंगठा जिथं बसतो तिथं खोलगट झालेली.

"धरा."

मार्थाबाईनं उजव्या हातात घेतला. अंगठा जागेवर बसेना. तिनं हात बदलला. डाव्या हातात तो असा बसला की जणू तिच्याचसाठी केला होता.

"ल्हानपनी किती मारलं मी त्याला," बिबिजान म्हणाली. "डावा हात वापरतोस म्हनून. आन् कपाळावरनं दगड फिरवतोस म्हनून. केस मोप हायेत की डोस्क्यावर, म्हनायची मी. त्यो म्हनायचा, अम्मा, कपाळालाच जास्ती तेल ऱ्हातं." ती तिथंच जमिनीवर बसली. "काय म्हनला मरताना?"

"अम्मा म्हणाला."

"मग?"

"माझ्याकडं बघून म्हणाला, आपा, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. मी हो म्हटलं. म्हटलं, आहे मी, इथंच आहे. मग त्यानं माझं बोट धरलं. हात थांबला तेव्हा बोट त्याच्या मुठीत होतं."

बाहेर दिराच्या कुंडावर कुणीतरी लगदा कुटत होतं, त्याचा धपधप आवाज येत होता. बिबिजान रडली नाही. तिनं मार्थाबाईचा हात ओढून आपल्यापाशी घेतला आणि विचारलं, "कंचं बोट?"

मार्थाबाईनं दाखवलं. बिबिजाननं ते आपल्या मुठीत धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"तुज्या भिमापाशी कोन व्हतं गं?" तिनं विचारलं. भिमा दुष्काळात गेला, एवढंच मार्थाबाईनं तिला कधीतरी सांगितलं होतं. आजवर ती मार्थाबाईला कधी एकेरी बोलली नव्हती.

"कुणी नव्हतं."

"हं."

आबेदा आता हुंदके देत होती, तीन वर्षांचं साठलेलं, आवाज न दाबता. बिबिजाननं तिला रडू दिलं. मग ती बोलली, अगदी साधं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं.

"ईसाला अल्लाहनं उचलला. त्यात मला शक न्हाई, कवाच नव्हता. तुजं पुस्तक काय बी म्हनू दे." तिनं दगड फडक्यात पुन्हा गुंडाळला. "पर माजा राजू ईसा न्हवता."

शुक्रवारी ती स्वतः काझींच्या दारी गेली आणि पडद्याआडून म्हणाली की माझा लेक राजमहंमद पुण्यात वारला, पाहणारी बाई खरं बोलते. त्या दुपारी घरी तिनं आबेदाला समोर बसवलं. बांगड्या फोडायच्या असतात, पण तिनं फोडल्या नाहीत, तेलाचा हात लावून एकेक उतरवल्या. "नव्या त्यो भरंलच," ती म्हणाली. "त्याचा धंदाच हाय." आबेदाला तिच्या गळ्यात पडायचं होतं. बिबिजाननं तिला पडू दिलं.

हनीफला निरोप गेला आणि तो चार महिने दहा दिवस थांबला. इद्दतीत आबेदा वाचायला नीट शिकली. निकाहानंतर तिला न्यायला गाडी आली त्या दिवशी बिबिजान वेशीपर्यंत गेली, गाडी आंबेगावच्या वाटेला लागेपर्यंत उभी राहिली, आणि परत येऊन फळीशी बसली. घरात आता एकच फळी मांडलेली होती.

त्यानंतरच्या बुधवारी मार्थाबाई दाराशी आली, पण आत शिरायला तिचं मन होईना. शिकणारी गेली होती. ज्या आशेवर ही बाई तीन वर्षं उभी होती ती आशा आपण आपल्या हातानं काढून घेतली, आणि बदल्यात काय दिलं? एक बोट. ती मागं वळणार तोच आतून आवाज आला.

"बसा की."

भांडायला आल्या का, असं त्या दिवशी बिबिजाननं विचारलं नाही. मार्थाबाई आत येऊन बसली. बिबिजान कागद घोटत होती, आणि हात सावकाश चालत होता.

"पुस्तक आनलंय?"

"आणलंय."

"वाचा."

मार्थाबाईनं पुस्तक उघडलं आणि बाळाच्या जन्माचं पान काढलं, कारण या घरात तेच चालायचं.

"ते न्हाई," बिबिजान म्हणाली. "ते मला ठावं हाय. ती हुबी ऱ्हाती, ते."

मार्थाबाईला पान शोधायची गरज नव्हती, पुस्तक तिथंच आपोआप उघडायचं. तिनं वाचलं. आवाज दोनदा अडखळला. आई तिथं होती, एवढंच त्यात होतं, फार काही नव्हतं. आणखी दोन बायका होत्या. मुलानं खाली पाहिलं आणि आईला पाहिलं. मग त्यानं पाणी मागितलं. मग मान टाकली.

बिबिजाननं दगड खाली ठेवला होता. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता.

"खोटं हाय," ती म्हणाली. "आसं झालंच न्हाई."

"बरं, आपा."

दारातलं ऊन फळीच्या पायाशी आलं होतं.

"परत वाचा," बिबिजान म्हणाली.